षट्कर्णी

ग्लासगोच्या तळघरात आमचा फ्रीज टांगलाय,
झुंबरासारखा.
त्याच्या पार खालच्या टोकाला, नखाएवढ्या चकतीवर
हो आणि नाही एका ताटात जेवतात,
ऐंशी मायक्रोसेकंद.
मग कुणाला तरी कळतं.

शीना मॅकॅस्किल विचारते, आज कोणी फोडलं?
कधी वरच्या रस्त्यावरची बस,
कधी पंपाचा ढिला बोल्ट,
कधी नुसती ऊब, कुठून तरी आलेली, बिननावाची.
माझी नोकरी एवढीच:
गुपित षट्कर्णी होऊ न देणं.
शिशाच्या विटा, तांब्याचा डबा, आणि थंडी,
जी आम्ही मोजतो
बाहेरच वाहणाऱ्या नदीच्या नावानं.
केल्विन. पाऊस पडून गेला की कोऱ्या चहाच्या रंगाची.

कोटाच्या खिशात हॉस्पिटलचं पाकीट. मंगळवारपासून.
शीनाला वाटतं, न उघडून मी
दोन्ही शक्यता जिवंत ठेवल्यात.
तिनं असं म्हणावं!
अगं, ते केव्हाच फुटलंय.
सुई धरलेल्या हाताला ठाऊक आहे,
काचपट्टीला, तिच्यावरच्या जांभळ्या रंगाला,
प्रिंटरच्या शाईला,
जिन्यात शिंकणाऱ्या पोस्टमनच्या बॅगेला.
गावभर झालंय. उरले मी,
नवऱ्याच्या लफड्यासारखं
सगळ्यांत शेवटी कळणारी.

गणित म्हणतं, दुसरीही आहे.
हाच कोट, बाहीची हीच उसवलेली शिवण,
फक्त आतला कागद वेगळा.
आमचं भांडण नाही. येणंजाणंही नाही.
एकदा हवेत, भिंतीत, उजेडात
इतक्या ठिकाणी सांडल्यावर
परत कोण गोळा करून एका ताटात वाढणार?
तिची कीव करावी की तिचा हेवा,
हे ठरवायलाही कागद वाचावा लागतो.

पुलाच्या लोखंडी कठड्याला टेकून वाचला.
नमुना अपुरा. पुन्हा यावे.

मी एवढ्या मोठ्यांदा हसले की
कुत्रं घेऊन चाललेला म्हातारा थांबला.
अपुरा म्हणजे अधांतरी नव्हे, आजोबा,
त्याला सांगावंसं वाटलं,
पेशी आहेत तशाच आहेत माझ्या आत,
चुगली तेवढी नीट पोचली नाही.
तो म्हणाला, गार आहे नाही आज?
हो म्हटलं. दोनशे ऐंशी केल्विन असेल.

शुक्रवार, सव्वादहा.
शीनाला आत्ताच सांगून ठेवायला हवं,
त्या दिवशी नायट्रोजन भरायला
कोणीतरी लागेल.