दहा नंबरचा पाना

एप्रिल संपत आला तरी सरोवरात
बर्फाचे तुकडे एकमेकांवर आपटतायत,
आणि दुलुथमधल्या घराघरात
जूनवरून भांडणं सुरू झालीयत:
शाळा सुटली की पोरांचं करायचं काय.

माझ्या फ्रिजवर तीन पत्रकं, एकाच चुंबकाखाली.
हेल्मी नऊ वर्षांची. सोफ्याच्या पाठीवरून चालते,
दाराच्या चौकटीला लोंबकळते,
परवा हातांवर उलटी उभी राहून म्हणाली,
"बाबा, पाणी घशात वर चढतं का?"
चढतं. तिने पिऊन दाखवलं.

मी खनिजाच्या धक्क्यावर पट्टे दुरुस्त करतो.
जहाजं येतात, त्यांच्या पोटात आम्ही लोखंड ओततो.
वीस वर्षांत एवढंच कळलं:
वर काय चाललंय ते सगळे बघतात,
खाली कुठला बोल्ट सैल आहे
ते बघायला वाकावं लागतं.

पहिलं शिबिर महामार्गालगत. भिंतभर आरसे,
पालकांसाठी कॉफीचं यंत्र,
फोटोतल्या सगळ्या मुलींचं हसू एकाच मापाचं.
आठवड्याला चारशे ऐंशी डॉलर, पोशाख वेगळा.
मी बारच्या खांबाशी वाकलो
तसा टाय लावलेला पोरगा धावत आला,
"सर, हात नका लावू. आमचा विमा आहे."
विमा. म्हणजे पडून झाल्यावरची गोष्ट.

दुसरं चर्चच्या तळघरात. स्वस्त, आणि माणसं गोड.
पण एक ताई आणि एकोणीस पोरं.
मी घड्याळ लावून बसलो:
चाळीस मिनिटांत हेल्मीची पाळी आली तीनदा.
बाकी वेळ ती रांगेत, मोज्याचं भोक मोठं करत.
रांगेत उभं राहायला
ती काय शाळेत शिकली नाही?

तिसरं मासळीच्या जुन्या गोदामात.
खडूच्या भुकटीखाली अजून हेरिंगचा वास.
ओडेगार्डबाई, सत्तरीच्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे,
गळ्यात शिट्टी नाही.
मी वाकलो. त्या आल्या. म्हटलं, आता ऐकावं लागणार.
त्यांनी खिशातून दहा नंबरचा पाना काढला,
माझ्या हातात दिला.
"डावीकडचा सकाळी सहाला आवळलाय. तुम्हीही बघा."
मी बघितला.
अर्धा आटासुद्धा फिरला नाही.

मग हेल्मीकडे वळून, "तुला काय काय येतं?"
तिने धडाधड सांगितलं: चक्र, हातांवर उभं राहणं,
मागे कमान, एका हाताचं चक्र, जवळजवळ.
"आणि पडता?"
हेल्मीने माझ्याकडे असं बघितलं
जसं काही मी तिला
दात घासायलाच शिकवायचा विसरलो होतो.
"पहिले तीन दिवस फक्त पडायचं," बाई म्हणाल्या.
भाव विचारायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

अर्जावर शेवटी दोन ओळी:
तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं.
पहिलीवर मी. रेइनो हौताला, बाप.
दुसरीवर पेन थांबलं.
तिथे जे नाव असायचं ते आता अ‍ॅरिझोनात राहतं,
फोनला दोन दिवसांनी उत्तर देतं.
ओडेगार्डबाई तेवढ्यात गाद्या सरळ करायला गेल्या,
गाद्या सरळच होत्या.
जाताना म्हणाल्या, "सोमवारी आणून द्या."

संध्याकाळी मागच्या अंगणात,
कुंपणाच्या सावलीत थोडा बर्फ उरलाय,
हेल्मी मला शिकवतेय, तिला अर्ध्या तासात आलंय तेवढं.
"हात मागे टेकायचे नाहीत. मनगट जातं.
हनुवटी छातीला. गोल व्हायचं, बाबा, गोल.
आणि डोळे मिटायचे नाहीत."

वीस वर्षं उंचावर, कमरेला दोर.
मुद्दाम म्हणून कधी पडलो नव्हतो.
पडलो.
ओंडका उलटावा तसा, पाठीत चिखल, टोपी लांब.
हेल्मी म्हणाली, "वाईट नाही. परत."

शेजारची खिडकी वर सरकली.
अ‍ॅर्डिस, हातात बटाटे सोलायची सुरी,
"रेइनो! धड आहेस ना?"
हिवाळाभर हिनेच माझा जिना साफ केला,
मी रात्रपाळीला असताना. कधी बोलली नाही.

मी गवतावर पडल्या पडल्याच ओरडलो,
"अ‍ॅर्डिस, तुझा नंबर काय गं?"