आंबिलीचा देव

अलेक्झांड्रियात पंप बिघडला म्हणून चार दिवस मिळाले.
गोदीमागच्या गल्लीत एका म्हाताऱ्याने
टेबलाखालचा खोका पुढे ओढला.
वीतभर मातीचं पोर, गुबगुबीत,
डोक्याच्या एकाच बाजूला केसांची बट,
कुशीत मडकं, उजव्या हाताचं बोट ओठांवर.
दोन हजार वर्षांचा आहे, म्हातारा म्हणाला,
आणि बोटांनी पंधरा डॉलर दाखवले.
मूळचा मिसरी देव. मग ग्रीक आले,
त्यांनीही त्याला घरात घेतलं,
बोट बघून म्हणाले, हा गुपितं राखणारा.
देवळातला नव्हे, चुलीजवळच्या कोनाड्यातला.
बाया त्याच्यापुढे दिवा लावत,
पोरं जगावीत म्हणून.

हरिपुरात, हौसाक्काच्या पडवीत,
बेंदराला सहा दिवस उरले होते.
फळ्यांवर एकशे चाळीस बैल, शिंगं अजून ओली.
तिने हात पुसले नाहीत, तसाच घेतला देव.
तोंड बघितलंच नाही आधी.
उलटा केला. पाठीतलं भोक बघितलं.
"वाफ जायला. न्हाईतर भट्टीत फुटतंय."
कडेची शिवण नखाने चाचपली:
दोन साचे, पुढचा नवा, मागचा झिजलेला.
मग करंगळी आत घातली, डोळे मिटून,
अडलेल्या शेळीच्या पोटात हात घालावा तशी.
"हितं अंगठा दाबलाय त्येनं. डावा.
डावरा हुता गडी."

मी म्हणालो, आक्का, दोन हजार वर्षं.
तिने कानाशी धरून टिचकी मारली.
"गेल्या साली भाजलाय. काळपट दिसतंय ते चहाचं पानी.
फशीवलं तुला, महिपा."
हसू दाबायचीही तसदी घेतली नाही.
मग बऱ्याच वेळाने,
बैलाच्या वशिंडावरून ओलं बोट फिरवत:
"आन म्हनून काय द्येव न्हाई का त्यो?
माजं बैल कालचं हायत.
त्यास्नी पोळी दाखवत्यात, हळद लावत्यात,
आठ दिसांनी वळचणीखाली इरघळून जात्यात.
जुना झाला की द्येव कपाटात जातोय."

महापुरात तिचे साचे गेले. सासऱ्याच्या हातचे,
गौरीच्या मुखवट्यांचे, एक नागोबाचा.
पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली,
महिनाभर अख्ख्या गावाला तो वास.
घरात मांडीएवढा गाळ.
लोक खोऱ्याने बाहेर ओढत होते,
तिने तीन पाट्या ठेवून घेतल्या.
"नेलंय तिनं. भरपाई बी तिनंच द्यावी."

मी नाईलचं सांगितलं. दर साली पूर,
दर साली गाळ, त्याच गाळाचे हे देव.
आता वर धरण आहे, गाळ तिथेच अडतो.
"मग त्या डावऱ्यानं माती कुटनं आनली?"
मला माहीत नव्हतं.
समुद्रावर एकोणीस वर्षं, असलं काही
विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

शेजारच्या मंगुताई डोकावल्या.
अगं बाई, बाळकृष्ण! लोणी खातोय.
"लोन्याचं मडकं असं नसतंय.
रुंद तोंडाचं हाय, कालवायचं.
आंबील हाय त्येच्यात."
गुपित राखतो म्हणे तो, मी म्हणालो.
"गुपित कसलं! भूक लागल्यावर
पोरगं बोटच चोखतंय."
मंगुताई एकदम दुसरंच काही बोलू लागल्या,
गॅसच्या टाकीचं.
आक्काची दोन गेलेली,
एक सव्वा वर्षाचं, एक नाव ठेवायच्या आधी.
गावात कुणी त्याबद्दल बोलत नाही.

रात्री तिने त्याला फळीवर ठेवला,
बैलांच्या रांगेत, भिंतीकडे पाठ करून.
बेंदराला एका पोराने विचारलं, ह्यो केवढ्याला?
"बैल घे," ती म्हणाली. "त्यो जेवतोय."

मला वाटलं, गंमत करतेय.
निघायच्या सकाळी पिशवी उचलताना बघितलं.
मडक्याच्या काठावरून पांढरा ओघळ,
वाळलेला, पोटापर्यंत आलेला,
आणि मुंग्या,
ओठांवरच्या बोटावरून चढणाऱ्या, उतरणाऱ्या.