शनीचे अठरा चंद्र

वार्दो. डिसेंबरातला तिसरा गुरुवार.
दुपारी बाराला आभाळ जरा निळं झालं,
दौतीत पाणी ओतावं तसं,
आणि एकच्या आत पुन्हा मिटलं.
सूर्य नोव्हेंबरात गेला. जानेवारीत परतेल,
किल्ल्यावरून तोफ उडेल, पोरांना सुट्टी.
तोवर प्रश्नमंजुषा.

प्रश्न गुडवेगबाईंचे.
चाळीस वर्षं या बेटाला त्यांनी गणित शिकवलं,
आणि जाताना बिस्किटांचे दोन डबे ठेवले:
निळ्यात गणिती, तांबड्यात ग्रह.
आस्लेच्या हातून पहिल्याच वर्षी दोन्ही पडले,
कार्डं एकमेकांत गेली,
तेव्हापासून कोण कुणाभोवती फिरतं
ते आम्ही विचारत नाही.

"जागचं न हलता, नुसत्या आकडेमोडीने
कोणी सांगितलं नेपच्यून कुठे असेल?"
लव्हेरिए. सोपं.
"त्यानेच सांगितलेला दुसरा ग्रह, व्हल्कन,
अजून का सापडला नाही?"
नव्हताच म्हणून.
(कार्डामागे बाईंचं अक्षर: अर्धा गुण. धाडसाला.
अर्धा कुणाला, आम्हाला की त्याला,
यात दहा मिनिटं गेली.)

"शनीच्या कड्यांचं गणित मांडणारी बाई,
जिला मायदेशात प्राध्यापकी मिळाली नाही?"
दवाखान्याच्या टेबलावरून तिघी एकदम ओरडल्या
कोवालेव्हस्काया! आणि ग्लास सांडला.

"आबेलला नोकरी मिळाल्याचं पत्र बर्लिनहून निघालं,
तेव्हा तो कुठे होता?"
दोन दिवसांपूर्वीच गेला होता. सव्विसाव्या वर्षी.
कुणी काही बोललं नाही.
मग एइलिफ, मार्चपासून ज्याची फाइल अडकलीय, म्हणाला,
"म्हणजे पेन्शनवाले तेव्हाही हेच होते."

"इथे, याच गावात, १७६९च्या जूनमध्ये,
रात्रीच्या उन्हात
सूर्यावरून सरकणारा शुक्र कोणी मोजला?"
हेल. आमच्या बोलीत हेल म्हणजे नशीब,
आणि त्याचं नशीब असं
की मेल्यावर चार दशकांनी एकाने वही उघडली,
म्हणाला शाई बदललीय, आकडे मागून घुसडलेत.
आणखी अर्धं शतक तो खोटारडा राहिला.
मग कळलं, आरोप करणाऱ्यालाच रंग दिसत नव्हते.
रोहिणीचा तांबडा तारा त्याला
इतरांसारखाच पांढरा.

शेवटी दोन टेबलं बरोबरीत.
आस्लेने निर्णायक कार्ड काढलं:
"शनीला चंद्र किती?"
आम्ही लिहिलं अठरा. आम्ही बाईंचे विद्यार्थी,
अठरा आम्ही छडीसकट शिकलोय.
पलीकडून ऊग्ने, मासे सोलायच्या कारखान्यात नवी,
लिथुआनियाची, अजून बोटांना मिठाच्या भेगा,
म्हणाली: दोनशे चौऱ्याहत्तर.
हसलो आम्ही. ती हसली नाही.
फोन पुढे केला.

आस्लेने कार्ड दिव्याखाली धरलं.
तिथे दहा होतं, खोडलेलं.
खाली सतरा, खोडलेलं.
त्याखाली अठरा. त्याखाली
चार बोटं कोरी जागा.

म्हणजे त्या तपासत होत्या.
आम्ही पाठ करून घरी गेलो,
आणि त्या मागे बसून खोडत होत्या.

ऊग्नेने पेन मागितलं.
सगळी खानावळ बघत राहिली.
अठरावर तिने रेघ मारली नाही,
खाली फक्त नवा आकडा लिहिला, निळ्या शाईत.
बाईंची काळी.

"तारीख घाल शेजारी," एइलिफ म्हणाला,
"आणि नावही.
नाहीतर साठ वर्षांनी कुणी येईल
आणि म्हणेल, शाई बदललीय."

बक्षीस राजखेकडा होता, पाच किलोचा.
दोन्ही टेबलांनी वाटून घेतला.
टेकडीवरच्या रडारवाले दोघे, जे कामाबद्दल
आणि इतरही कशाबद्दल कधी बोलत नाहीत,
त्यांना एकेक पाय दिला.
त्यांनी मान डोलावली, पाय फोडला.
मग त्यांतला धाकटा हळूच म्हणाला,
"दोनशे चौऱ्याहत्तर आम्हाला माहीत होतं."