सोय

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
एर्मेलिंद माझा रिपोर्ट वाचते,
कागद न बघता, नखांवरून.
"रगत ना तुका," म्हणते
आणि तांबड्या भाजीच्या दोन जुड्या पिशवीत कोंबते.
तिसरी फुकट.

देठ टाकायचे नाहीत.
आधी धुवायची, मग चिरायची. उलटं केलंस
तर सगळं सत्त्व मोरीत.
कांदा, एक मिरची, पाणी फक्त झाकणावर;
ती आपल्याच घामात शिजते.
उतरवताना सोय.

सोय म्हणजे खवलेला नारळ,
हे कळायला मला, सांगलीच्या मुलीला,
एक लग्न आणि चार महिने लागले.

सासऱ्यांच्या साखरेला कारलं,
पिळून कडवटपणा काढू नकोस, तेच तर हवंय.
पोट साफ व्हायला सात शिरांची भेंडी.
हाडांना शेवग्याचा पाला,
पण तो विकत नाही घ्यायचा, बाये,
शेजारणीकडे मागायचा.

"आणि तू काय रांधतेस?"

ती जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली.
मग म्हणाली, हळदोण्याची बस साडेसातला.
घरी जाऊन कोण चूल पेटवणार?
चहा. सकाळचा पाव, मऊ राहिला असेल तर.
उरलेला पाला लुर्दिनच्या शेळीला.

पुढच्या शुक्रवारी मी डबा नेला.
तिचीच भाजी, देठांसकट.
दोन गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून
तिने सगळी संपवली,
बोट चाटलं, तोंड वाकडं केलं:
"सोय उणी."

डबा परत आला तेव्हा
आत नारळाचं अर्धं भकल होतं.