किमान तापमान

पहाटे साडेपाचला आमच्या घरात
पहिलं जागं होतं ते माझं नाक.
मग मी.

मुलाची माकडटोपी, हातांत नवऱ्याचे जुने पायमोजे
(हातमोजे घ्यायचं तीन हिवाळे राहूनच गेलंय)
आणि गेटची कडी इतकी गार
की बोट क्षणभर तिचंच होऊन बसतं.
कौसडीकर काकू खिडकीतून विचारतात, रोज, न चुकता,
"कामून पळतीस गं? कोण लागलंय मागं?"
कुणी नाही, काकू.
बिलाच्या काउंटरवर दिवसभर लोक
माझ्या अंगावर धावून येतात जादा युनिटं घेऊन.
सकाळची चाळीस मिनिटं तेवढी
मी कुणाचंच काही लागत नाही.

कृषी विद्यापीठाचा रस्ता. दोन्ही अंगांनी ज्वारी,
नुकती निसवलेली, पानापानांत दहिवर.
खांबाच्या उजेडात माझा श्वास
माझ्याआधी पोचतो नि वाट अडवून उभा राहतो.
पहिला किलोमीटर शिव्यांचा.
गुडघे कुरकुरतात, कानाच्या पाळ्या
कुणाच्या तरी मागून आणल्यासारख्या.
दुसऱ्यात स्वेटरची बटणं उघडते.
तिसऱ्याचं नीट सांगता येत नाही,
तिथं मी फारशी नसतेच.

वेधशाळेच्या तारेपलीकडे टेकाळे.
मफलर, बॅटरी, काखेत रजिस्टर,
पांढऱ्या झडपांच्या पेटीत डोकं खुपसून.
"किती आज?"
"सहा पूर्णांक दोन."
"अन् काल?"
"पाच पूर्णांक आठ. उन्हाळाच लागला म्हणा की."
जगात जर्मनी, भारतात परभणी, असं तो पुढं म्हणतो,
तोवर मी बाभळीपल्याड गेलेली असते.

पौषात घसा धरला.
आधी नुसती खवखव, मग आवाजच बसला,
काउंटरवर रकमा बोटांनी दाखवल्या.
डॉक्टर फारुकी म्हणाल्या, गळ्याच्या वर आहे तोवर
चाला हळूहळू, छातीत उतरलं तर मात्र झोपायचं.
त्याच रात्री उतरलं.

ओव्याची पुरचुंडी, वाफ, गवती चहा,
आणि बंद पंख्याच्या तीन पात्यांवरची धूळ
आठ दिवस पाठ केली.
दाराशी बूट. टाचेतला काळ्या रानाचा चिखल
रोज थोडा सुटायचा, नवरा रोज झाडायचा
आणि म्हणायचा, "आता मार्चातच सुरू कर."
मार्चात! मार्चात इथं सावलीसुद्धा पळते.

कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली
मी किलोमीटर लिहिते. तिथं आता
शून्य. शून्य. दूध दोन लिटर. शून्य.
ओळीनं आठ भोपळे.

नवव्या दिवशी गेले. पळाले म्हणणार नाही.
दोन खांब पळायचं, दोन खांब चालायचं.
खोकला आला की तुरीच्या बांधाला थांबायचं,
शेंगांवरचं पाणी मनगटाला लागायचं,
चांगलं वाटायचं.

टेकाळेनं पेटीतून डोकं काढलं.
"आठवडाभर दिसला न्हाईत."
"आठ शून्यं," मी म्हटलं. आवाज अजून कुणाचा तरी दुसऱ्याचाच.
त्यानं रजिस्टर उलटं चाळलं, गेल्या हिवाळ्यापर्यंत.
मुलीच्या बाळंतपणाला तो हिंगोलीला गेलेला,
बदलीवाला आलाच नव्हता.
तीन दिवस, तीन आडव्या रेघा.
"बघितलं नाही म्हणजे शून्य नसतंय, मॅडम.
शून्य टाकलं असतं
तर परभणीत बर्फ झालं म्हणून पेपरात आलं असतं."

मी हसायला गेले, खोकलाच आला.
तो संपेपर्यंत तो थांबला,
मग न विचारताच म्हणाला, "नऊ पूर्णांक एक."

घरी येऊन खोडरबर शोधलं.
मिळालं, पण शून्यं पेनानं लिहिलेली.
मग एकेकाच्या पोटातून आडवी रेघ ओढली,
आठही भोपळे चिरून ठेवले,
आणि आजच्या चौकोनात लिहिलं:
एक पूर्णांक आठ, खोकला धरून.
दूध अडीच लिटर.