शाब्दिक उदाहरण

चौथीच्या फळ्यावर झुल्मिराबाई लिहितात:
समजा, एका माणसाला महिना अकराशे युरो मिळतात.
खोलीचं भाडं सहाशे पन्नास,
मेट्रोचा पास चाळीस,
वीज, पाणी, फोन मिळून नव्वद.
तर तीस दिवस तो रोज किती खर्च करू शकेल?

खिडकीबाहेर लिस्बनचा उतार,
खाली नदी, नदीत पर्यटकांनी भरलेलं
सात मजली पांढरं जहाज.

एव्हांद्रू हात वर करतो:
बाई, दाढ दुखली तर ते कुठे लिहायचं?
बाईंची जीभ आपोआप
डाव्या बाजूच्या खळगीकडे जाते.
उदाहरणात दाढ नाही, त्या म्हणतात,
दिलंय तेवढंच धरा.

मागच्या बाकावरून नेल्मा,
जिची आई रात्री बँकेच्या फरशा पुसते:
बाई, त्या माणसाला आई आहे का?
का गं?
आई असेल तर रविवारचं जेवण वजा करायला नको.

वर्गात कुणी हसत नाही.
तीसने भाग पूर्ण जात नाही.
रोजचे दहा, बाकी वीस.

*

पगार हा शब्द माझ्या भाषेत याच धक्क्यावरून आला,
चावी, बटाटा आणि लिलावाच्या सोबतीने,
गलबताच्या पोटात महिनोन्‌महिने हिंदकळत.
इथे त्याचा अर्थ आहे: देणे.
आमच्याकडे उतरला तो घेणे होऊन.
मला वाटायचं, कुणीतरी ऐकताना चुकलं.
आता वाटतं, चुकलं नसावं.
देणारा तो शब्द बोलत होता,
आणि हमालाने ऐकला
हात पुढे करून.

झुल्मिराबाईंच्या खात्यात पैसे तेवीस तारखेला येतात,
भाडं एक तारखेला जातं.
म्हणजे महिन्यातले आठेक दिवस
या शब्दाचा आमचा अर्थ खरा,
मग पुढचे बावीस त्यांचा.

*

घरमालकीण म्हणावी तर दोना देओलिंदा,
वय एक्क्याऐंशी, पेन्शन औषधांपुरती.
घर तिचंही नाही, जुन्या करारावर टिकून आहे.
झोपायची खोली तिने बाईंना दिलीय
आणि स्वतः बैठकीतल्या सोफ्यावर
पाय दुमडून झोपते.
खोलीतलं एक कपाट तेवढं कुलपात,
नवऱ्याचे कोट आहेत त्यात.
रात्री बाई पाण्याला उठतात तेव्हा
ती झोपल्याचं सोंग करते,
बाई अनवाणी जातात.

वजाबाकी शिकवताना आपण म्हणतो ना,
या घरात पुरत नाही,
शेजारच्या घरातून उसने घ्या.
मुलं घेतात, पटकन, पेन्सिलीने,
शेजारच्या आकड्यावर काट मारून
वर एकने कमी लिहितात.
त्या घराचं पुढे काय झालं
हे विचारायची रीत नाही.

*

रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर वह्या.
एव्हांद्रूने दाढ धरलीच आहे, साठ युरो,
आणि त्याचं उत्तर आलंय आठ, बाकी वीस.
साठात दाढ कोण बघणार, बाई मनात म्हणतात,
पण टिक करतात.

नेल्माच्या वहीत आकडेमोड बरोबर,
खाली मात्र ठळक अक्षरांत:
उत्तर: त्या माणसाने आईला फोन करावा.

लाल पेन बराच वेळ हवेत.
दोना देओलिंदा सुपात कोबी टाकते,
दोघींपुरती. ते करारात नाही.
बाई लिहितात: रीत बरोबर.
पुढचं लिहीत नाहीत.

मग डोंगरापलीकडे फोन वाजतो.
आई आधी चेस्टनटबद्दल सांगते,
यंदा कमी धरलेत, पण गोड आहेत,
तेलाचा डबा शुक्रवारच्या बसने पाठवते,
ड्रायव्हर ओळखीचा आहे,
आणि मग, जरा थांबून,
पुरतं ना गं तुला?

पुरतं की, बाई म्हणतात,
वर वीस उरतात.