टायरांचं गाव

माझ्या खुर्चीचं डावं चाक झिजलंय
आणि मी राहते ॲक्रनमध्ये,
जिथं एके काळी म्हणे अर्ध्या जगाचे टायर व्हायचे.

विमा कंपनीचं पत्र आलंय.
भाषा सभ्य, कागद जाड.
नवं चाक पाच वर्षांनी, तुमची झाली तीन.
एवढ्यात झिजलं म्हणजे वापर घराबाहेरचा दिसतो,
आणि घराबाहेर जाणं ही वैद्यकीय गरज नव्हे.

हे वाक्य मी ओळखते.
दिवसभर मीच बसते आजारांना आकडे लावत,
दुसऱ्यांची बिलं, दुसऱ्यांची हाडं.
कुठला आकडा चुकला की पैसे अडतात
ते मला झोपेत विचारा.
माझा स्वतःचा आकडा बरोबर आहे.
तीनदा तपासला.

मागच्या महिन्यात साहेब म्हणाले, पगार वाढवू या.
मी नको म्हटलं.
ते हसले, त्यांना वाटलं संकोच.
कसं सांगू, तासाला दोन डॉलर वाढले
की सकाळची लॉरेटा बंद.
सरकारी हिशेबात मी श्रीमंत होईन
आणि पलंगावरून उठणार नाही.
आईला फोनवर म्हटलं, बढती मिळत होती.
"होती म्हणजे?"
आवाज तुटतोय गं, म्हटलं.

लॉरेटा सातला येते, बुटांचा बर्फ दारात झटकून.
मोजे चढवते, टाच लाल झालीय का बघते.
आज तिचाच गाल सुजलेला.
दाढ.
तिचे तास आठवड्याला अठ्ठावीस, म्हणून विमा नाही,
आणि दाढ काढायच्या पैशात गाडीचे दोन हप्ते जातात.
म्हटलं, वरच्या फडताळात, हळदीच्या मागे, लवंग आहे.
तिनं दोन घेतल्या.
एक दाढेखाली, एक खिशात.

मग खाली बसली चाकापाशी.
तिचा बाप चौतीस वर्षं टायर बांधायचा,
चर्चमध्येसुद्धा अंगाला रबराचा वास.
कारखाना गेला, पेन्शन निम्मी झाली,
वास राहिला, खोकला राहिला.
तिनं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला,
काळी चिकटपट्टी, दोन वेढे, मग आणखी एक.
"बापानं हे बघून शिव्या घातल्या असत्या,"
लवंगेमुळे बोबडं बोलली.

शनिवार होता. दुपारी निघाले
ग्रंथालयापर्यंत, काही काम नसताना,
मीठ टाकलेल्या फुटपाथवरून.
पट्टीचा एक कोपरा सुटलेला,
दर फेरीला टप्.
टप्.
कोपऱ्यावरच्या घरातल्या कुत्र्यानं कान टवकारले,
कुणी चालत येतंय का म्हणून.